गाठीची चतुःसीमा

मानवी ज्ञानाच्या इमारतीत आपलीही एक वीट बसलेली आहे, आणि ती काढली तर निदान जिन्याची एखादी पायरी तरी हलेल, हे कारभारी ढगे यांचं मत इतकं पक्कं झालं होतं की ते आता मत राहिलं नव्हतं, स्वभाव झाला होता. ही वीट म्हणजे त्यांच्या मोठ्या आतड्यातून काढलेली, चिकूएवढी एक गाठ. ती त्यांनी कोणाचीही मदत न घेता स्वतः तयार केली होती आणि नंतर विज्ञानाला अर्पण केली होती. म्हणजे खरं तर डॉक्टरांनी ती काढली होती, आणि तपासणी झाल्यावर उरलेला तुकडा संशोधनाला वापरला तर चालेल का, असं विचारल्यावर नाकात नळी असलेल्या ढग्यांनी मान हलवली होती. मान हलवली ती नळी टोचत होती म्हणून, असं त्यांच्या पत्नी बनुबाई सांगत. पण दानशूर माणसाच्या घरात असं बोलणारं कोणीतरी असतंच, म्हणून ढगे तिकडे लक्ष देत नसत.

तेव्हा सावेडीतल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभे राहून ते कबुतरं हाकलत असताना मोबाईल वाजला आणि पलीकडून एका मुलीनं विचारलं, ‘कारभारी सहादेव ढगे. पेशंट हयात आहेत का?’ यात नवीन काही नव्हतं. ऑपरेशनला सात वर्षं होत आली होती आणि पुण्याच्या त्या संशोधन केंद्रातून वर्षातून दोनदा असा फोन यायचाच. पण आजवर जो मुलगा बोलायचा तो ढग्यांचा आवाज ओळखायचा, ‘काय काका, बरं ना?’ एवढंच म्हणायचा, आणि त्या ‘बरं ना’मध्ये मूळ प्रश्न साखरेत बुडवून दिलेल्या गोळीसारखा गिळला जायचा. ही मुलगी नवी होती, तिचं नाव निकिता होतं, आणि तिनं गोळी तशीच हातावर ठेवली. ढगे म्हणाले, ‘आहेत.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘मीच.’ पलीकडे कीबोर्डचा एक खटका ऐकू आला. बस. एवढ्या एका खटक्यावर आपण होतो, असं त्यांना वाटलं, आणि प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या त्या पोकळीत गॅलरीची फरशी किंचित खाली गेल्यासारखी झाली. हाकललेली कबुतरं पुन्हा येऊन कठड्यावर बसली. ढग्यांनी ती हाकलली नाहीत.

निकिता पुढे सांगत होती की अभ्यासाचे निष्कर्ष आले आहेत, येत्या रविवारी अहिल्यानगरलाच कार्यक्रम आहे, इथल्या पेशंटना आणि नातेवाइकांना मुद्दाम बोलावलंय, गाठींची चित्रं दाखवणार आहेत. ‘माझी दाखवणार?’ ढग्यांनी विचारलं. ती म्हणाली की नावं काढून टाकलेली असतात काका, कोणाची कुठली ते आम्हालाही सांगता येत नाही. ढगे ‘बरोबर आहे’ म्हणाले आणि मनात म्हणाले की तुम्हाला नसेल सांगता येत. आपली जमीन माणूस झोपेतही ओळखतो. आणि ढग्यांनी तर सगळा जन्म भूमापनात काढलेला, दुसऱ्यांच्या जमिनीसुद्धा त्यांनी झोपेत ओळखल्या होत्या. फोन ठेवला तेव्हा स्वयंपाकघरातून बनुबाईंनी विचारलं, ‘कुनाचा हुता?’ ‘पुण्याचा. जिवंत आहे का विचारत होते.’ ‘मग काय सांगितलं?’ बनुबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोडणी टाकली.

हयातीचा दाखला तसा ढगे दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी देत असत. पण सरकारचं विचारणं वेगळं. तिथे खिडकीपलीकडचा माणूस तुमच्या तोंडाकडे असा पाहतो की तुम्ही अजून आहात याबद्दल त्याची माफी मागावीशी वाटते. पुण्याच्या फोनमध्ये उलट होतं. ढगे जितके जगतील तितका अभ्यास पुढे जाणार होता. निवृत्तीनंतर माणसाला काम उरत नाही असं म्हणतात. ढग्यांना मात्र असं काम मिळालं होतं की जे झोपेतही चालू राहायचं, ज्यात रजा घेता येत नव्हती, आणि ज्यात फक्त न मरणं एवढीच जबाबदारी होती. ते ती चोख पार पाडत होते. सकाळी चालायला जाताना कोणी ‘काय चाललंय?’ विचारलं तर ते ‘संशोधन’ म्हणून सांगत. पण आज त्या खटक्यानंतर, पहिल्यांदाच, त्यांना कामाचा हिशेब मागितल्यासारखं वाटत होतं. सात वर्षं जगलो ते कशावर? ती गाठ जात्याच भली होती म्हणून, की ती वाईट होती आणि आपण तिला पुरून उरलो म्हणून? म्हणजे या सगळ्यात आपला काही वाटा होता की नाही? एवढं कळायला हवं. एवढंच.

त्या गाठीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं बनुबाईंनी. इथल्या दवाखान्यांची रीत अशी की पोटातून काढलेली वस्तू आधी ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची, ‘बघा, ही काढली,’ म्हणजे काढल्याची खात्री पटते. आणि मग औषधाच्या पाण्यात घालून बरणी त्यांच्याच हातात द्यायची, कारण तपासणारी लॅब गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाबाजान पिंजारींचंही ऑपरेशन झालं होतं. जिल्ह्यातल्याच बेलापूरचा माणूस, गाद्या-रजयांचा धंदा, आणि नेमकं त्याच जागी तेच दुखणं. तेव्हा बनुबाई आणि बाबाजानची बायको इमामबी अशा दोघी एकाच रिक्षात बसून, मांडीवर एकेक बरणी घेऊन, सावेडीहून दिल्ली दरवाजाकडे निघाल्या. ढगे भुलीतून अर्धवट वर येत होते तेव्हा त्यांचा एक भाग शहरातून फिरत होता. हे दृश्य त्यांनी न पाहता इतक्या वेळा पाहिलं होतं की आता त्यात त्यांना रिक्षावाल्याचा शर्टही दिसायचा. दोन बायका, दोन बरण्या. खड्डा आला की दोघी एकदम बरणीवर हात ठेवतात, पदराखाली बाळाला धरावं तसं. इमामबीनं विचारलं होतं म्हणे, ‘बाई, तुमची केवढी?’ बनुबाई म्हणाल्या, ‘चिकूवानी. तुमची?’ ‘अशीच.’ आणि मग दोघींना, ढगे हे सांगताना नेहमी थांबत, दोघींना हसू आलं, आणि रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

बाबाजाननं वॉर्डात या दोन गाठींना ‘जुळ्या’ म्हणायला सुरुवात केली. उरलेले तुकडे मेणाच्या ठोकळ्यात घालून पुण्याला पाठवले, असं कळलं तेव्हा तो म्हणाला की सायेब, आपला माल एक्स्पोर्टला लागला. केमोच्या दिवसांत दोघं शेजारी खुर्च्यांवर बसत, हातांत सुया, आणि तोंडाला धातूची चव. बाबाजान सांगायचा की पिंजलेला कापूस हाताला कसा लागतो, आणि ढगे सांगायचे की दोन भाऊ एका वावराच्या बांधावरून कसे भांडतात. ‘तुमी मोजायचं आणि आमी पिंजायचं,’ बाबाजान म्हणायचा, ‘दोघांचं काम येकच, गुंता सोडवायचा.’ पुढे त्याची गाठ यकृतात पुन्हा उगवली. ढगे बेलापूरला भेटायला गेले तेव्हा तो आपल्याच दुकानातल्या गादीवर पडलेला होता आणि गादी चांगली भरलेली नाही म्हणून चिडलेला होता. निघताना म्हणाला, ‘सायेब, पुन्याचा फोन आला तर आता माझा इमामबी उचलंल. तुमचा मातर तुमीच उचलायचा.’ ढगे काहीतरी बोलले. काय बोलले ते त्यांना कधीच आठवलं नाही. दुकानातल्या हवेत तरंगणारे कापसाचे तंतू आणि त्यातून तिरकं येणारं ऊन एवढंच आठवतं. ऑपरेशनला दीड वर्ष होतंय तोवर बाबाजान गेला, आणि तेव्हापासून त्यांनी अनोळखी नंबरही टाळला नाही. कर्ज देणाऱ्या मुलींशीसुद्धा ते आदबीनं बोलत.

रविवारचा कार्यक्रम मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होता, कारण शहराला, ते नगर असो की अहिल्यानगर, मोठा हॉल म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. आदल्या दिवशीच्या लग्नातलं थर्माकोल भिंतीवर अर्धं शिल्लक होतं. नवरा-नवरीची नावं काढून नेली होती, ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ तेवढी राहिली होती. लाल मखमलीच्या दोन सिंहासनांपैकी एक खाली तिसऱ्या रांगेत आणून त्यावर प्रोजेक्टर ठेवला होता. ढगे इस्त्रीचा सफारी घालून, अत्तर लावून, दुसऱ्या रांगेत बसले. शेजारी बनुबाई. बाकी खुर्च्यांवर कोणी स्वतः आलेलं, कोणी दुसऱ्याच्या वतीनं आलेलं. हे दोन प्रकार ढग्यांना चेहऱ्यावरून लगेच ओळखता आले, आणि ओळखू नयेत असं वाटून त्यांनी नजर थर्माकोलवर नेली. इमामबी आल्या नव्हत्या. बनुबाईंनी सकाळी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, तुम्ही बघून या, मला सांगा.

पुण्याच्या केंद्रातून आलेल्या डॉक्टर ज्ञानेश्वरी वयानं ढग्यांच्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी साध्या भाषेत सुरुवात केली. गाठ म्हणजे नुसती वाईट पेशींची ढेकूळ नव्हे, त्या म्हणाल्या, ते एक गाव असतं. त्यात बिघडलेल्या पेशी असतात, त्यांना रसद पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, आणि त्यांच्याशी लढायला आलेल्या शरीराच्या राखणदार पेशीही असतात. पूर्वी आम्ही हे अख्खं गाव मिक्सरमधून काढायचो. म्हणजे आत काय काय आहे ते कळायचं, पण कोण कुठे राहतं ते कळायचं नाही. आता नव्या पद्धतीनं आम्ही मेणातल्या तुकड्याची पातळ चकती घेतो आणि प्रत्येक पेशी जागच्या जागी ठेवून वाचतो: ती कोण आहे, आत्ता काय करतेय, आणि तिच्या शेजारी कोण आहे. आणि असं दिसलं की माणूस किती जगेल हे पुष्कळदा या शेजारावर ठरतं.

ढगे खुर्चीत पुढे सरकले. चतुःसीमा. ही बाई चतुःसीमेबद्दल बोलत होती. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. शेत किती आहे ते नंतर, शेताला लागून कोण आहे ते आधी. साऱ्या आयुष्यात त्यांनी हेच लिहिलं होतं, आणि सगळ्या आयुष्यात त्यांच्या मुलांनी, जावयानं, इतकंच काय साडूनंही, मोजणीखात्याला साखळी ओढायचं खातं म्हणून हसण्यावारी नेलं होतं. आता विज्ञान, पुणे, लाखो रुपयांची यंत्रं, हे सगळं वळसा घालून अखेर मोजणीखात्याच्या दारात आलं होतं. आतड्यात मोजणी. त्यांना एकदम उन्हात तापलेल्या साखळीचा हाताला होणारा स्पर्श आठवला, पारनेरच्या माळावरची ती कोरडी हवा, हद्दीचा दगड सापडला की पहारीला येणारा तो वेगळाच टणक आवाज, आणि आवाज आला की दोन्ही भावांचं एकदम गप्प होणं. त्या गप्प होण्यासाठी ते नोकरी करत होते. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

पडद्यावर दोन चित्रं आली. हजारो ठिपके, जणू जत्रेचा फोटो आकाशातून काढलेला. बिघडलेल्या पेशी लाल, राखणदार हिरव्या. डावीकडच्या चित्रात लाल गाव मधोमध घट्ट बसलेलं आणि हिरवे ठिपके त्याच्या कडेनं ओळीनं उभे, कुंपण घातल्यासारखे. आत एकही नाही. उजवीकडे सगळाच बाजार: लालमध्ये हिरवे घुसलेले, हिरव्यांत लाल अडकलेले, कुठे हद्द म्हणून नाही. ‘तुम्हाला काय वाटतं,’ डॉक्टर ज्ञानेश्वरींनी हसून विचारलं, ‘यातला कोणता पेशंट जास्त जगला असेल?’

ढग्यांनी बसल्या बसल्या हात वर केला. ‘डावीकडचा,’ ते म्हणाले, आणि आवाज हॉलभर गेला तेव्हा त्यांना राहवेना, ‘आन तो मीच हाय.’ रंगात आले की त्यांच्या तोंडचं सावेडी उतरून मूळ गाव वर यायचं.

लोक हसले. डॉक्टरही हसल्या आणि म्हणाल्या, डावीकडचाच का, काका?

‘अहो, हद्द बघा किती स्वच्छ हाय. राखणदार आपापल्या जागी उभे, कुनी कुनाच्या वावरात न्हाई. हितं भांडन हुनारच न्हाई. आन ते उजवीकडचं बघा, समदं अतिक्रमन. असली केस कोर्टात बापापासून नातवापर्यंत चालते.’

‘उलटं आहे, काका,’ डॉक्टर ज्ञानेश्वरी म्हणाल्या. त्यांनी ते फार हळुवारपणे म्हटलं, त्यामुळे ते जास्त खोल गेलं. डावीकडे राखणदार आले, पण त्यांना आत शिरता आलं नाही, ते वेशीवरच थांबले, अशी गाठ वाढत राहते आणि असे पेशंट सहसा लवकर जातात. उजवीकडे जे भांडण दिसतंय तेच आपल्याला हवं असतं. राखणदार आत घुसलेत, लढतायत. इथे माणूस जगतो.

बनुबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘ती तुमची न्हाई. मी पाहिली की. ती अशी रंगीत न्हवती.’ ढग्यांना ते ऐकू आलं आणि आलं नाही. त्यांच्या कानांत पहारीचा आवाज येत होता, पण मातीवर पडल्यासारखा, बद्द. आयुष्यभर ज्याला त्यांनी शांतता म्हटलं, स्वच्छ हद्द म्हटलं, ते वेशीवर थांबलेल्या राखणदारांचं चित्र निघालं होतं. आणि त्यांनी सगळ्यांसमोर हात वर करून तेच आपलं म्हणून सांगितलं होतं. ते पुन्हा डावीकडे पाहू लागले. आता त्यांना त्या हिरव्या ठिपक्यांच्या ओळीत काही शिस्त दिसेना. नुसती वाट अडलेली दिसली, दार बंद असलेल्या घराबाहेर भेटायला आलेली माणसं उभी राहतात तशी. हे कोणाचं? ‘जुळ्या,’ बाबाजान म्हणायचा. एका रिक्षातून गेलेल्या. मग एक डावीकडची आणि एक उजवीकडची असू शकेल की. त्याच्या दुकानातल्या उन्हात तरंगणारा तो कापूस, तो सुद्धा असाच ठिपक्याठिपक्यांनी, आणि आपण दाराशी उभे, काहीतरी बोलणारे. म्हणजे आपण आज बाबाजानच्या गावावर आपलं नाव सांगितलं काय? चूक झाली, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण तसं वाटेना. त्यांना वाटलं, सांगितलं ते बरं झालं. या हॉलमध्ये त्या चित्राला कोणीतरी माझं म्हणायला हवंच होतं. इमामबींना काय सांगायचं ते आता त्यांना कळलं: तुमच्या माणसाचं चित्र भिंतीएवढं मोठं लावलं होतं, आणि सगळे सरसावून बसून ते पाहत होते.

पण मग आपलं कुठलं? उजवीकडचं असेल तर आपण जगलो यात आपली मर्दुमकी काही नाही. राखणदार लढले, आपण नळ्या लावून झोपलो होतो. हा विचार ढग्यांना फार वेळ सोसला नाही. लग्नासाठी खुर्चीला बांधलेली फीत चोळून चोळून त्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला.

पडद्यावर आता आलेख आला होता. डॉक्टर सांगत होत्या की या दोन रेषा म्हणजे दोन प्रकारचे पेशंट. रेषेची एकेक पायरी उतरते तेव्हा एकेक माणूस गेलेला असतो. वरची रेषा हळूहळू उतरत होती. खालची, वेशीवर थांबलेल्यांची, भराभर. दुसऱ्याच्या वतीनं आलेले लोक त्या पायऱ्यांकडे असे पाहत होते की प्रत्येकाला आपली कुठली ते माहीत असावं. ढगेही शोधत होते. दीड वर्षाच्या आसपास एक पायरी होती, जराशी. त्यांनी मनातल्या मनात तिथे गादीच्या दुकानाची पाटी लावली.

‘पण हे बघा,’ डॉक्टर ज्ञानेश्वरी म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातला लाल ठिपका खालच्या रेषेवरून सरकत उजव्या टोकाला गेला. तिथे रेषा उतरायची थांबली होती. अगदी तळाशी, पण सरळ, जमिनीला धरून, कागद संपेपर्यंत पुढे गेली होती. ‘यांची गाठ डावीकडच्यासारखीच. आमच्या हिशेबानं यांनी आज इथे असायला नको. पण काही जण आहेत. ते का जगले, आम्हाला अजून माहीत नाही. आणि खरं सांगू का, आम्हाला सगळ्यात जास्त शिकायचंय ते यांच्याकडूनच.’

ढग्यांच्या छातीत काहीतरी उघडलं. माहीत नाही, म्हणाली. पुण्याला माहीत नाही. यंत्राला माहीत नाही. एवढ्या सगळ्या मोजणीनंतर एक तुकडा असा निघाला होता की ज्याची हद्द कोणालाच लावता आली नव्हती, आणि त्यावर एक माणूस सात वर्षं उभा होता, सफारी घालून. तो मीच. पुरावा नव्हता, पण पुरावा नसताना ताबा असणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. खटका नव्हे, रेषा होती ती, पाहा, अजून चाललेली. त्यांना बनुबाईंच्या मांडीवरची बरणी दिसली, खड्डे दिसले, तोंडातली धातूची चव आली आणि गेली, आणि ज्या सकाळी केस गळून उशीवर पडले होते आणि त्यांनी ते झटकून चहा मागितला होता ती सकाळ दिसली. यातलं कुठलं कारण असेल? सगळीच असतील. यांच्याकडून शिकायचंय, म्हणाली. मग शिका.

ते उठून उभे राहिले. बोलायचं काहीच नव्हतं. नुसते उभे राहिले, हात बाजूला, मान ताठ, जसे पंधरा ऑगस्टला कार्यालयाच्या अंगणात राहायचे. प्रोजेक्टरचा उजेड पाठीवर ऊन पडावं तसा पडला आणि समोर पडद्यावर त्यांची सावली उमटली, एवढी मोठी की तिच्या खांद्यावरून ती सरळ रेषा निघाल्यासारखी दिसत होती. डॉक्टर ज्ञानेश्वरी बोलायच्या थांबल्या. त्यांनी ढग्यांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि दोन पावलं पुढे आल्या. बनुबाईंनी पदर सावरला. ढग्यांनी नमस्कारासाठी हात जोडले.

‘काका,’ डॉक्टर ज्ञानेश्वरी अगदी मायेनं म्हणाल्या, ‘जरा खाली बसता का? मागच्यांना दिसत नाहीये.’